चंद्रविलासचे उस्मान चाचा

फोटो मोठा करून मागणाऱ्या माणसाला चेहरा मोठा हवा असतो, हे दुकान टाकल्यापासून माझ्या अंगवळणी पडलं होतं. गेलेल्या वडिलांचा चेहरा, लग्नातल्या आत्याचा चेहरा, शाळेच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत दडलेला स्वतःचा चेहरा. त्यामुळे त्या दिवशी काउंटरवर ठेवलेल्या फोटोतल्या सायकलवाल्या तरुणाभोवती मी सवयीनं माऊसनं चौकोन आखायला लागले, तर समोरचे गृहस्थ घाईघाईनं म्हणाले, "नाही नाही, बाय. माणूस राहू दे. त्याच्या खांद्यामागची भिंत मोठी कर."

मी भिंत मोठी केली. भिंतीत एक अर्धगोल भोक होतं, त्याच्या वर रंग उडालेली तीन अक्षरं. गृहस्थ काउंटरवर ओणवे झाले, चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनच्या इतक्या जवळ गेले की त्यांच्या श्वासानं काच धुरकट झाली.

"तिकिटाची खिडकी," ते म्हणाले. "माझ्या छातीइतकी उंच होती. मी सांगत होतो सगळ्यांना. म्हणत होते, कमरेइतकी होती."

मग त्यांनी खिशातून पोलादी टेप काढली आणि विचारलं, "या पोराची सायकल किती इंची असेल, चोवीस की बावीस? सायकलवरनं खिडकीची उंची निघेल."

उस्मान मुकादमांची आणि माझी ही पहिली भेट. दोन हजार सात किंवा आठ सालची. टपाल नाक्याजवळच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान होतं, आणि पुढची सहा-सात वर्षं ते त्या दुकानात येत राहिले. सगळं पनवेल त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही चाचा म्हणू लागले.

चाचा एकवीस वर्षं बहारीनला होते, एसीचे मेकॅनिक. परत आले तेव्हा मोहल्ल्यातल्या त्यांच्या वयाच्या माणसांनी एक तर दुकान काढलं होतं, नाही तर मशिदीच्या ओट्यावर गप्पांची जागा धरली होती. चाचांनी तिसरंच काही धरलं. पनवेल, उरण, पेण, खोपोली, पार खाली महाडपर्यंत जिथं जिथं कधी सिनेमाची टॉकीज होती आणि आता कुलूप आहे, किंवा कुलूपही नाही, तिथली हकिकत गोळा करायची. कधी बांधली, छप्पर पत्र्याचं की कौलांचं, पंखे किती, बाकं कुठपर्यंत आणि खुर्च्या कुठून. आणि फोटो. मुख्य म्हणजे फोटो.

गंमत अशी की सिनेमाचं त्यांना वावडंच होतं. कुठल्या टॉकीजमध्ये कुठला सिनेमा किती आठवडे चालला हे कुणी सांगायला लागलं की चाचा पेन्सिल खाली ठेवत. "ते दुसरे लोक लिहितात," म्हणत. त्यांचा प्रश्न एकच असे: "तुम्ही कुठं बसायचात?" पोस्टमन असो, डॉक्टर असो, भाजीवाली असो. आधी प्रश्न ऐकून माणूस गोंधळायचा. मग डोळे बारीक करायचा, मान किंचित वळवायचा, जणू अंधारात रांग शोधतोय. आणि मग सांगायचा: डाव्या बाजूला, तिसऱ्या पंख्याखाली, खांबाच्या अलीकडे. खांबामुळे पडद्याचा कोपरा दिसायचा नाही. चाचा ते लिहून घेत.

पनवेलच्या चंद्रविलास टॉकीजचा त्यांनी एक भला मोठा नकाशा केला होता. चार ड्रॉइंग पेपर मागून चिकटवलेले. एकेका खुर्चीला एकेक चौकोन, आणि माणूस सापडला की चौकोनात पेन्सिलीनं त्याचं नाव. पेन का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "माणसं जागा बदलतात, बाय. चार दिवसांनी येतात आणि म्हणतात, चाचा, मी नाही, तिथं माझा भाऊ बसायचा."

त्यांचे नियमही तसेच. दोघांनी एकच गोष्ट सांगितली तर लिहायची. तिघांनी अगदी त्याच शब्दांत सांगितली तर संशय घ्यायचा, कारण तिघांनीही ती चौथ्याकडून ऐकलेली असणार. कुणाच्याही घरातून फोटो एका दिवसापुरताही मागून आणायचा नाही. "फोटो बाहेर गेला की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो." त्यामुळे चाचा फोटोबरोबर फोटोचा मालकच घेऊन येत. माझ्या दुकानातल्या बाकड्यावर कधी उरणचे निवृत्त तलाठी, कधी पेणची मूर्तिकार बाई, कधी कोळीवाड्यातली म्हातारी मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली असे आणि स्कॅनरचा उजेड काचेखालून सरकत जाताना श्वास रोखून बघे. फोटो परत हातात पडला की चाचा प्रिंटच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहीत: कुणाचा, कुठल्या घरातून, कुणी दिला, आणि त्या घरी काय खायला मिळालं. 'देणार: काशीबाई, कोळीवाडा. तांदळाची भाकरी, सुकट.' खाण्याचं कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "ज्यानं जेवायला घातलं त्यानं खोटं सांगितलं नसेल."

हे सगळं त्यांनी का सुरू केलं, ते मला वर्षभरानं कळलं. बळीराम ठाकूर दुकानात आले त्या दिवशी.

त्या सकाळी चाचा एकटेच आले आणि बाकड्याच्या अगदी टोकाला बसले. वही उघडली नाही. थोड्या वेळानं एक धिप्पाड म्हातारा आत आला, पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो. जासईचा. तिकडे शेतं जाऊन कंटेनरची यार्डं आली होती, आणि या घरच्या पोरांचे ट्रेलर चालत होते, हे नंतर कळलं. तो बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. चाचांकडे बघितलंसुद्धा नाही.

"पोरी," तो मला म्हणाला, "यांना सांग, फोटो आनलाय. निरोप आलता म्हनून आनलाय."

"त्याला सांग, मेहरबानी," चाचा भिंतीकडे बघत म्हणाले.

मी दोघांकडे बघत राहिले. स्कॅन करता करता तुकड्या-तुकड्यांनी गोष्ट बाहेर आली. बहारीनच्या कॅम्पात एका खोलीत आठ जण, सगळे रायगडचे. शुक्रवारी सुट्टी. सुट्टीला करायचं काय, तर गावाची आठवण काढायची, आणि आठवणीत चंद्रविलास टॉकीज यायचीच. एका शुक्रवारी विषय निघाला, चंद्रविलासच्या पडद्यापुढच्या मखमली पडद्याचा. तो खेळ सुरू होताना दोन्ही बाजूंना सरकायचा. उस्मान म्हणाला, डाळिंबी. बळीराम म्हणाला, हिरवा. आधी हसले, मग पैज, मग आवाज चढले. बळीराम म्हणाला, तुला रंगच कळत नाहीत. उस्मान म्हणाला, गावंढ्याला टॉकीज काय कळणार. बळीरामनं जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. त्यानंतर अकरा महिने, आठ माणसांच्या खोलीत, दोन हातांवर खाटा असताना, दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मग बळीराम कायमचा गावी आला.

"एका पडद्यावरनं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तिकडं दुसरं होतंच काय आमच्याकडे?" चाचा म्हणाले.

फोटो स्कॅन झाला. चंद्रविलासच्या दारात कोवळ्या मिशीचा बळीराम. चाचांनी वही उघडली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड करून विचारलं, "जासईहून पनवेलची एसटी संध्याकाळी किती वाजता होती?"

बळीराम चक्रावला. पण उत्तर तयार होतं. "सव्वापाचची. तीच याक व्हती."

"पनवेलला कधी पोचायची?"

"कवा सवासा. रेल्वेचं फाटक पडलेलं आसलं तं साडेसा."

"आणि खेळ?"

"सा वाजताचा." बळीराम थांबला.

चाचा हळू बोलले. "मी जुन्या डोअरकीपरला भेटलो, बळीराम. दारांना पडदे होते, जाड, उजेड आत येऊ नये म्हणून. ते हिरवे. समोरचा डाळिंबी. तू पोचायचास तेव्हा समोरचा सरकून गेलेला असायचा. तू बघितलास तो दाराचा. दर वेळी तोच बाजूला करून आत यायचास." मग म्हणाले, "तुझं गलत नव्हतं. मी गावंढा म्हणालो, ते गलत होतं."

बळीरामनं फोटो पिशवीत गुंडाळून बाजूला ठेवला. त्याचे मोठाले हात मांडीवर नुसते पडून होते.

"तुजा बापूस गेला तवा," तो शेवटी म्हणाला, "तवाबी आपुन बोलत नव्हतो. माज्या तोंडात शब्द आलता. भायेर नाय आला. मंग तुज्या उशाशी चा ठेवला."

"माहीत आहे. मी प्यालो होतो."

"मना वाटला, तू वतून दिला."

"नाही. प्यालो. साखर जास्त होती."

बळीराम हसला. मग दोघं उठून समोरच्या हॉटेलात गेले आणि तासभर आलेच नाहीत. त्या दिवसापासून नकाशातल्या उजव्या दाराजवळच्या एका चौकोनात 'ब. ठाकूर, जासई (उशिरा)' असं लिहिलं गेलं.

नकाशा भरत चालला. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांना खुपायला लागली होती. दोन-अडीचशे नावं, आणि त्यात बाई एकही नाही. लेडीजचा विभाग म्हणून डावीकडे चाचांनी एक चौकट आखली होती, ती कोरी. एके दिवशी मी म्हटलं, "चाचा, बायका कुठं गेल्या?"

ते ओशाळले. "मी कसं विचारणार, बाय? साठीच्या पुरुषानं परक्या बाईला विचारायचं, तुम्ही अंधारात कुठं बसायचात? लोक काय म्हणतील?"

तोड त्यांनीच काढली. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले. जैनब चाची. ठेंगणी, गोरी, काळा बुरखा, तोंड उघडं, डोळ्यांत सदा किंचित हसू. चाचांचा बेत असा की प्रश्न चाची विचारेल, ते लिहून घेतील. "हिला टॉकीजमधलं काही कळत नाही," ते मला म्हणाले, "हिनं कधी पाय ठेवला नाही तिथं. पण बायकांत उठबस आहे. आधी हिला नकाशा समजावून सांगतो."

काउंटरवर नकाशा पसरला. चाचा पेन्सिलीच्या टोकानं दाखवू लागले. हे मेन गेट, ही खिडकी, ही बाकं, हा बाल्कनीचा जिना. आणि हे लेडीजचं दार, पुढच्या बाजूला, खिडकीच्या शेजारी.

"नाही," चाची म्हणाली.

"काय नाही?"

"पुढं नव्हतं. गल्लीच्या अंगाला होतं. दोन पायऱ्या उतरून आत जायचं. दुसरी तुटकी होती."

चाचांची पेन्सिल कागदावर होती तिथंच थांबली.

"तुला कुणी सांगितलं?"

"मला कोण कशाला सांगेल?" चाचीनं बुरख्याची कड सारखी केली. "बुधवारी बाराचा खेळ फक्त बायकांचा असायचा. आम्ही चौघी जायचो, मोहल्ल्यातल्या. सासूबाई दुपारच्या झोपायच्या."

"कधी?"

"तुम्ही तिकडे होता तेव्हा."

"किती वेळा?"

"बंद होईपर्यंत," चाची म्हणाली. आवाजात ना भीती, ना फुशारकी. बाजारातनं काय आणलं ते सांगावं तशी.

चाचा बाहेर गेले. गल्लीत पानवाल्याच्या टपरीपाशी पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, आता हे नकाशा गुंडाळणार आणि पुन्हा येणार नाहीत. चाची मात्र निवांत बसली होती. मला म्हणाली, "पाणी आहे का गं?" मी पाणी दिलं. ती पीत असतानाच चाचा परत आले. काउंटरपाशी उभे राहिले, खोडरबरानं पुढचं दार पुसलं, गल्लीकडे नवीन दार काढलं, दोन पायऱ्या काढल्या. मग मान वर न करता विचारलं, "दुसरी पायरी कुठून तुटलेली, उजवीकडून की डावीकडून?"

"उतरताना उजवीकडून," चाची म्हणाली.

त्यानंतर वर्षभरात लेडीजचा विभाग भरला. चाची ज्या घरांत गेली त्या घरांत चाचांना कधीच शिरता आलं नसतं. कोण तान्ह्या पोराला घेऊन दाराजवळ बसायची, म्हणजे रडलं तर पटकन बाहेर नेता येईल. कोणत्या खुर्चीखाली सासरच्यांपासून लपवलेल्या चपला राहायच्या. मधल्या बुटक्या भिंतीवरून पलीकडून कुणी डोकावलं तर दारावरची बाई टॉर्चनं कसं तोंडावर मारायची. पण स्वतःची जागा चाचीनं सांगितली नाही. चाचांनीही विचारली नाही. सगळ्या जगाला जो प्रश्न विचारत हिंडले, तो त्यांना घरात विचारता येईना.

आणि मग कळलं की चंद्रविलास पाडणार आहेत. टॉकीज बंद होऊन कैक वर्षं झाली होती, आत कसलंसं गोदाम होतं. आता तिथं दुकानांची इमारत उठणार होती. चाचांना पाडण्याचं दुःख फारसं नव्हतं. "इमारत आहे, पडणारच," म्हणाले. त्यांची तगमग वेगळीच होती. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो फोटो जमवले, पण चंद्रविलासच्या आतला एकही सापडला नव्हता. लोक दारात फोटो काढत, आत कोण काढणार? नकाशा नुसता लोकांच्या आठवणींवर उभा होता. तो खरा की खोटा, हे ताडून बघायला आता थोडेच दिवस उरले होते.

मालकांचा नातू आत जाऊ देईना. त्याला वाटायचं, हा म्हातारा कुठं तरी अर्ज करून काम अडवणार. चाचा तीनदा गेले, तीनदा परत आले. त्यांच्याकडे एक फोटो होता, टॉकीजच्या उद्घाटनाचा, त्यात या नातवाचे आजोबा फेटा बांधून उभे. तो त्या घरच्यांकडेही नव्हता. मी सुचवलं, "फोटो देतो, पण तासभर आत सोडा, असं सांगा."

चाचा माझ्यावर रागावले, त्या एकदाच. "फोटोचा सौदा करायचा नाही, बाय. त्याचा आजा आहे तो." मोठी प्रिंट काढून, फ्रेम करून ते देऊन आले. आत जायचा विषयही काढला नाही. तिसऱ्या दिवशी नातवाचाच फोन आला: उद्या दहा वाजता या, अकराला मशीन लागणार आहे.

आम्ही तिघं गेलो. माझ्याकडे डिजिटल कॅमेरा होता. आत पाऊल टाकलं आणि माझं अवसान गळालं. वीज तोडलेली, मिट्ट काळोख, माझा फ्लॅश दहा फुटांपलीकडे पोचेना. खुर्च्या भंगारात गेलेल्या. चाचा मात्र शांतपणे बाजूच्या भिंतीला हात लावत चालत गेले. "पाच दारं आहेत," म्हणाले, "दोन या बाजूला, दोन त्या, एक लेडीजचं. सगळी उघडू." गंजलेल्या कड्या त्यांच्यानं हलेनात. बाहेर थांबलेले पाडकामाचे कामगार मग स्वतःच पहारी घेऊन आले. एकेक दार करकरत उघडलं आणि एकेक पट्टा उन्हाचा आत पडला. पाचवं, गल्लीकडचं, उघडलं तेव्हा अख्खं थिएटर दिसलं: छताचे पत्रे, पंख्यांचे रिकामे हूक, पडद्याची पांढरी भिंत, आणि मधे ती बुटकी भिंत. जन्मभर अंधारासाठी बांधलेल्या त्या जागेत ऊन हिंडत होतं.

"एवढीशीच होती?" चाची म्हणाली.

मग मापं सुरू झाली. टेपचं एक टोक चाचांकडे, दुसरं चाचीकडे. खुर्च्या नव्हत्या, पण जमिनीत त्यांचे बोल्ट होते, रांगेनं. चाचा बोल्ट मोजत आणि नकाशावर बरोबरच्या खुणा करत. खांब होता. तिसरा पंखा होता. मधल्या एका रांगेत दोन खुर्च्या जास्त आखल्या होत्या, त्या त्यांनी तिथंच पुसल्या आणि पुसलेल्या दोन माणसांबद्दल खरोखर वाईट वाटल्यासारखे थांबले. मी फोटो काढत होते.

लेडीजच्या भागात आलो. टेप धरून चाची चालत चालत तिसऱ्या रांगेत गेली, भिंतीकडेला, आणि थांबली. टेप अजून बरीच शिल्लक होती. पण ती पुढं गेली नाही.

चाचांना कळलं. मग त्यांनी विचारलं, "इथनं खेळ नीट दिसायचा?"

"मी खेळ बघायला कुठं यायचे," चाची म्हणाली.

मी कॅमेरा खाली केला.

"नऊ माणसांचं घर," ती समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत म्हणाली. "बहारीनहून तुमचा आवाज भरलेली टेप यायची. बैठकीत सगळ्यांसमोर लावायचे. तुमचा आवाज संपला की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. रडले तर सासूबाई विचारायच्या, काय झालं, त्यानं काही वाईट सांगितलं का, आम्ही काही कमी करतो का तुला? दार लावून घेतलं तरी तेच. इथं सगळ्याच रडायच्या. पडद्यावर काही झालं की चारी बाजूंनी हुंदके. त्यात माझं खपून जायचं. कुणी विचारायचं नाही."

चाचांच्या हातातली टेप सुटली. ती सर्रकन जमिनीवरून धावत चाचीच्या हातातल्या डबीत शिरली. कामगारांपैकी कुणी तरी दारात आला होता, तो मागं फिरला.

"एकदा तरी टेपमध्ये सांगायचंस," चाचा म्हणाले.

"ती टेप भरायलाही बैठकीतच बसायचे मी. सगळ्यांसमोर."

ते तिच्याजवळ गेले नाहीत, हात धरला नाही. तसे ते नव्हते. दोन रांगा सोडून उभे राहिले, टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. मग चाचीच मला म्हणाली, "काढ गं माझा फोटो इथं. पण नाव लिहायचं नाही."

मी काढला. गल्लीच्या दारातून आलेलं ऊन तिच्या पायांपर्यंत आलेलं, वर काळा बुरखा, मागे पोपडे धरलेली भिंत. चंद्रविलासच्या आतले मी त्या दिवशी चाळीसेक फोटो काढले, पण माणूस असलेला हा एकच. अकरा वाजता मशीन आलं. चाचा पाडकाम बघायला थांबले नाहीत. चाचीला उन्हाचा त्रास होतो म्हणाले आणि रिक्षा केली.

दोन दिवसांनी ते प्रिंट न्यायला आले. प्रिंट उलटी केली आणि नेहमीसारखी पेन्सिल काढली. बराच वेळ लिहिलं नाही. मग लिहिलं: 'देणार: घरचेच.' नकाशातही तिसऱ्या रांगेतल्या भिंतीकडच्या चौकोनात त्यांनी बारीक अक्षरात भरलं: 'नाव माहीत आहे.'

पुस्तक काही झालं नाही. कुणी कुणी येऊन गेले, कॉलेजातले, पेपरातले. चाचा त्यांना चहा पाजत आणि सगळं दाखवत, पण छापायची गोष्ट निघाली की म्हणत, अजून महाड व्हायचंय, अजून श्रीवर्धन राहिलंय. आज त्या अकरा वह्या आणि नकाशा गावच्या वाचनालयात एका काचेच्या कपाटात आहेत; मागितलं तर ग्रंथपाल किल्ली देतात. फोटो माझ्या हार्ड डिस्कवर आहेत. अजूनही कुणी येतं, म्हणतं, आमच्या आईचं नाव आहे म्हणे त्यात, बघायचंय.

चाचा एका थंडीत गेले, चार दिवसांच्या तापानं. मी तेव्हा माहेरी होते. कळेपर्यंत दफनविधी होऊन गेला होता. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या चार-पाच महिने आधी, पनवेलच्या एसटी स्टँडवर.

सकाळची वेळ. श्रीवर्धनची गाडी लागलेली, भरलेली. खिडकीशी चाची बसली होती, मांडीवर डबा. चाचा संत्री घ्यायला खाली उतरले असावेत, कारण हातात संत्र्यांची कागदी पिशवी होती. पण ते गाडीकडे येत नव्हते. फलाटावर एका अनोळखी म्हाताऱ्यापाशी उभे राहून काही तरी विचारत होते, आणि तो म्हातारा काठी खाली ठेवून दोन्ही हातांनी हवेत एक मोठा चौकोन काढून दाखवत होता. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. चाचीनं खिडकीची काच ठोकली, एकदा, दोनदा. चाचांनी मान वर केली, म्हाताऱ्याला थांबायची खूण केली, जणू गाडी त्यांच्यासाठी थांबणारच होती, आणि धावत सुटले. पिशवी फाटली, दोन संत्री फलाटावर घरंगळली. कंडक्टरनं हात देऊन त्यांना वर ओढलं.

गाडी माझ्यासमोरून वळली तेव्हा ते पायरीवर उभे राहून मागं वळून त्या म्हाताऱ्याला ओरडून त्याच्या गावाचं नाव विचारत होते. वर खिडकीत चाची बुरख्याची कड तोंडाला लावून हसत होती, इतकी की तिचे खांदे हलत होते.